रिख्तर, सोफिया, २५ फेब्रुवारी १९५८: एकट्या पियानोवरचं मुसोर्ग्स्कीचं ‘चित्रप्रदर्शन’

रानजाई

रशियन पियानो म्हटलं की बहुतेक जण चायकोव्हस्की नाहीतर रॅखमॅनिनॉव्हच्या कॉन्चेर्टोकडे वळतात. मागे अख्खा वाद्यवृंद आणि पुढे पियानो. मला बोलायचंय ते याच्या अगदी दुसऱ्या टोकाबद्दल. एक माणूस, एक पियानो आणि रशियन संगीतकार मुसोर्ग्स्कीचं ‘पिक्चर्स ॲट ॲन एक्झिबिशन’, म्हणजेच ‘चित्रप्रदर्शन’. त्यातही एकच मैफल: स्वियातोस्लाव रिख्तर यांनी २५ फेब्रुवारी १९५८ ला बल्गेरियात, सोफियाला केलेली. पूर्वार्धात ‘चित्रप्रदर्शन’, मग शूबर्ट, शोपॅन आणि लिस्ट. बल्गेरियन रेडिओनं टिपलेलं हे ध्वनिमुद्रण आज यूट्यूबवर सहज मिळतं.

ज्यांना या रचनेची पार्श्वभूमी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. व्हिक्टर हार्टमान हा वास्तुकार आणि चित्रकार, मुसोर्ग्स्कीचा जिवलग मित्र. १८७३ साली तो अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी गेला. समीक्षक स्तासॉव्ह दोघांचाही मित्र. त्यानं पुढच्या वर्षी पीटर्सबर्गमध्ये हार्टमानच्या चित्रांचं आणि आराखड्यांचं मोठं प्रदर्शन भरवलं. मुसोर्ग्स्की ते बघून आला आणि १८७४ च्या जूनमध्ये, तीन आठवड्यांच्या आत, त्यानं ही दहा चित्रांची मालिका पियानोसाठी लिहून काढली. चित्रांच्या अधूनमधून ‘प्रोमेनाद’ येतो, म्हणजे प्रेक्षकाचं एका चित्राकडून दुसऱ्या चित्राकडे चालत जाणं. हा चालणारा माणूस खुद्द मुसोर्ग्स्की.

मित्र गेल्यावर त्यानं लिहिलेलं एक पत्र वाचलं आणि तेव्हापासून प्रोमेनाद मला वेगळा ऐकू येतो. हार्टमान शेवटचा पीटर्सबर्गला आला होता तेव्हा दोघं रस्त्यानं चालले होते. हार्टमान मध्येच थांबला, पांढराफटक पडला, एका घराच्या भिंतीला टेकला, त्याला श्वास घेता येईना. मुसोर्ग्स्कीनं त्याला वरवरचा धीर दिला आणि विषय बदलला. मित्र गेल्यावर हीच गोष्ट त्याला खात राहिली. आणि मग त्यानं मित्रासाठी जी रचना केली ती चालण्याची.

रिख्तर हा पहिला प्रोमेनाद कसा वाजवतात ते नीट ऐका. कसलाही डौल नाही, मिरवणं नाही. झपाझप, सरळ, पेडल बेताचं. बरेच वादक इथे दरबारात प्रवेश केल्यासारखे वाजवतात. रिख्तरचा माणूस मात्र काहीतरी बघायची ओढ लागल्यासारखा चालत येतो.

या मुद्रणाबद्दल तीन तक्रारी नेहमी ऐकू येतात. श्रोते खोकतात, पियानोचा आवाज जुनाट आहे आणि काही सूर निसटलेत. तिन्ही खऱ्या आहेत. फेब्रुवारीतलं सोफिया, कडाक्याची थंडी, माणसं खोकणारच. तरीही मी हेच ऐका म्हणते, आणि त्याचं कारण ‘लिमोजचा बाजार’ या चित्रापासून पुढच्या पाच-सात मिनिटांत आहे.

लिमोजच्या बाजारात बायकांचं कडाक्याचं भांडण चाललंय. रिख्तरची लय इथे अशी की अंगावर काटा येतो. दोन्ही हात एकाआड एक पट्ट्यांवर आदळत वर चढतात आणि त्या भरधाव वेगात, एका क्षणाचीही उसंत न देता, आपण पॅरिसच्या भुयारात येऊन पडतो. ‘कॅटॅकॉम्ब’. फक्त लांब धरलेल्या कॉर्ड्स, म्हणजे एकदम वाजवलेले स्वरांचे जुडगे. एक प्रचंड मोठी, पुढची दबलेली, मग पुन्हा मोठी.

आता पियानो हे वाद्य कसं चालतं ते बघा. पट्टी दाबली की हातोडी तारेवर आपटते आणि त्या क्षणापासून आवाज फक्त कमी होत जातो. वादकाला तो वाढवता येत नाही, आहे तेवढा टिकवताही येत नाही. म्हणून भुयारातली प्रत्येक कॉर्ड आपल्या कानांदेखत मरते. रिख्तर तिला पुरतं मरू देतात, मगच पुढची वाजवतात. मृत्यूवरच्या संगीतात स्वर स्वतः मरतोय, आणि ते एकट्या पियानोवरच होऊ शकतं. वाद्यवृंदात इथे पितळी वाद्यं असतात. फुंकणारा पाहिजे तितका वेळ स्वर भक्कम धरून ठेवतो. ऐकायला भव्य वाटतं, पण मरत काहीच नाही.

यानंतर उजव्या हातात वरच्या सप्तकात एक बारीक थरथर सुरू होते आणि तिच्याखाली तोच प्रोमेनाद येतो, बी मायनरमध्ये. मुसोर्ग्स्कीनं हस्तलिखितात इथे लिहून ठेवलंय की दिवंगत हार्टमानचा आत्मा आपल्याला कवट्यांकडे नेतो आणि त्या आतून मंद उजळू लागतात. इतका वेळ चित्रांच्या बाहेरून चालणारा माणूस इथे चित्राच्या आत शिरला.

ज्यांनी फ्रेंच संगीतकार रावेलनं केलेलं वाद्यवृंदाचं रूपच ऐकलंय त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. एकदा हे ऐका, एका बैठकीत, मध्ये न थांबवता. अर्ध्या तासाचं काम आहे. मग इथे येऊन लिहा. पटलं नाही तरी लिहा.

तिसरा_पूल

सुंदर लेख. पण मी रावेलच्या बाजूनं उभा राहणार.

मी हे पहिल्यांदा वाद्यवृंदाकडूनच ऐकलं, सभागृहात बसून. त्यातलं ‘जुना किल्ला’ हे चित्र सुरू झालं आणि सॅक्सोफोन गायला लागला तो क्षण अजून कानात आहे. १९२२ साली वाद्यवृंद-संचालक कुसेवित्स्कीनं रावेलकडून हे करून घेतलं नसतं तर ही रचना जगभर पोचलीच नसती. मुसोर्ग्स्की १८८१ ला गेला, ती छापून आली १८८६ ला, आणि त्यानंतरही कितीतरी वर्षं पियानोवादकांनी तिला हात लावला नाही. का लावला नाही? कारण पियानोसाठी म्हणून ती अवघड जागी दुखणं आहे. हाताला सोयीची नाही, कितीतरी ठिकाणी नुसता सांगाडा वाटतो. बऱ्याच जाणकारांना ती वाद्यवृंदाचा कच्चा खर्डाच वाटत आली. रावेलनं त्या सांगाड्याला मांस दिलं.

भुयाराचा मुद्दा मात्र विचार करायला लावणारा आहे. तो मला कधी सुचला नव्हता.

कृष्णाकाठ

रानजाईताई, आमचं ऐकणं सगळं आपल्याकडचं. पाश्चात्त्य संगीतात गती नाही, पण तुमच्या लिहिण्यामुळे काल रात्री हेडफोन लावून बसलो. सौ. झोपल्यावर.

दोन गोष्टी जाणवल्या. चुकत असेन तर सांगा. एक म्हणजे सुरुवातीच्या त्या चालण्यात मात्रा मोजायला गेलो तर पाच येतात, मग सहा, मग पुन्हा पाच, पुन्हा सहा. दोन्ही मिळून अकरा. तबल्याची सवय असल्यामुळे मला रुद्र ताल आठवला. विभाग तसे पडत नाहीत हे खरं, पण समेची वाट बघावी आणि ती अर्ध्या पावलानं पुढे-मागे यावी असं काहीतरी होतं. माणूस एका ठेक्यात चालत नाही, एखाद्या चित्रापाशी रेंगाळतो, तसं.

दुसरी ‘जुना किल्ला’बद्दल. त्यात खाली एक स्वर सतत चालू आहे, पहिल्यापासून शेवटपर्यंत. वरची चाल कुठेही जावो, तो हलत नाही. तानपुऱ्यावरचा षड्ज धरून बसावं तसा मी तो धरून बसलो आणि चाल आपोआप उलगडत गेली. ते मुद्दाम केलेलं आहे का?

खोकण्याचा त्रास मला झाला, खोटं कशाला बोलू. विशेषतः याच चित्रात.

मांडवीकाठी

काका, दोन्ही गोष्टी बरोबर आहेत. पाच-सहाची अदलाबदल स्वरलिपीतच छापलेली आहे. शिवाय पहिली ओळ एकेका स्वरात आणि लगेच तीच ओळ भरगच्च कॉर्ड्समध्ये येते. एकानं म्हणायचं आणि समूहानं उचलायचं, ही रशियन गावाकडच्या गाण्याची पद्धत. मुसोर्ग्स्कीनं वरती सूचनाही लिहिलीय की हे रशियन धाटणीनं वाजवा, फार हर्षभरित होऊ नका. आणि किल्ल्यात खालचा तो जी-शार्प खरोखरच अखंड आहे.

मी पणजीला पियानो शिकवते. गोव्यात आमच्याकडे चर्चच्या शाळांमुळे पिढ्यान्‌पिढ्या स्वरलिपी वाचण्याची सवय आहे, त्यामुळे विद्यार्थी वाचतात चांगलं. पण ‘चित्रप्रदर्शन’ हातात आलं की अडखळतात. तिसरा_पूल म्हणतात ते मान्य, हाताला सोयीचं नाहीच. मात्र ‘कच्चा खर्डा’ हे मला मान्य नाही. मुसोर्ग्स्की स्वतः कसलेला पियानोवादक होता. लहानपणापासून चांगल्या शिक्षकांकडे शिकलेला. १८७९ मध्ये गायिका दार्या लिओनोव्हाबरोबर साथीदार म्हणून तो दक्षिणेत दौऱ्यावर गेला होता. पियानोवर मांसल, गुळगुळीत कसं लिहायचं ते त्याला नक्की ठाऊक होतं. त्यानं तसं लिहिलं नाही, कारण त्याला तसं नको होतं.

एक ठोस उदाहरण देते. ‘बिद्वो’ या चित्रात पोलिश बैलगाडी आहे, मोठ्या चाकांची. हस्तलिखितात ती पहिल्या स्वरापासून पूर्ण जोरात आहे. गाडी थेट तुमच्या अंगावर येते. मुसोर्ग्स्की गेल्यावर संगीतकार रिम्स्की-कोर्साकोव्हनं आवृत्ती तयार केली, त्यात सुरुवात हळू केली आणि मग आवाज वाढवत नेला. गाडी लांबून येते, जवळून जाते, दूर निघून जाते. कानाला गोड कल्पना, पण ती मुसोर्ग्स्कीची नव्हे. रावेलच्या हातात हीच आवृत्ती होती, म्हणून त्याचा ट्यूबा (खर्जातलं पितळी वाद्य) हळू सुरू होतो. मूळ हस्तलिखितावर आधारलेली लामची आवृत्ती १९३१ मध्ये आली. सोफियात रिख्तर ही गाडी पहिल्या घावापासून जोरात हाकतात. दोन्ही मुद्रणांतली पहिली दहा सेकंदं एकामागोमाग लावून बघा, ही दोन वेगळी चित्रं आहेत.

माझ्या वर्गात मी मुलांना डावा हात एकटा वाजवायला लावते. ते दोन-दोन जड कॉर्ड्सचं हेलकावणं खांद्यातून यायला लागलं की मगच उजवा हात मिळतो. मनगटातून वाजवलं की बैलांच्या जागी वासरं येतात.

ढगाळ_दुपार

मांडवीकाठी, वासरांचं अगदी पटलं! माझी लेक ट्रिनिटीच्या पियानोच्या परीक्षा देतेय, चौथ्या श्रेणीत आहे. तिला यातलं एखादं चित्र वाजवता येईल का? की अजून लवकर आहे?

मांडवीकाठी

ढगाळ_दुपार, ‘जुना किल्ला’ संथ आहे म्हणून सोपा वाटतो, पण इतका वेळ चाल गाती ठेवणं मोठ्यांनाही जड जातं. थोडं थांबा. त्याऐवजी चायकोव्हस्कीचा ‘मुलांचा अल्बम’ घ्या, १८७८ चा, चोवीस छोट्या रचना. त्यात लाकडी सैनिकांची कवायत आहे, बाहुलीचं आजारपण आहे, बाहुलीची अंत्ययात्रा आहे, आणि बाबा यागा ही चेटकीणसुद्धा आहे. ती वाजवून झाली की लेकीला मुसोर्ग्स्कीची बाबा यागा ऐकवा. एकाच चेटकिणीचा पाठलाग दोघांनी कसा लिहिलाय ते तिला लगेच कळेल.

हिमवर्षा_टोरांटो

इथे आणखी एक बाजू मांडते. पियानोवरसुद्धा सगळे मूळ बरहुकूम वाजवत नव्हते. व्लादिमिर होरोविट्झचं १९५१ चं कार्नेगी हॉलमधलं मुद्रण ऐका. त्यांनी स्वरलिपीत स्वतःच्या भरपूर भरी घातल्या आहेत, जादा सप्तकं, जादा झणकार. म्हणजे रावेलनं वाद्यवृंदात केलं ते होरोविट्झनी पियानोवरच केलं. थक्क व्हायला होतं, नाकारता येत नाही. पण रानजाई म्हणतात ती भुयारातली शांतता तिथे मला सापडली नाही.

होरोविट्झचा विषय निघालाच आहे तर १९८६ ची मॉस्कोची मैफलही ऐकाच. १९२५ मध्ये देश सोडून गेलेला तरुण एकसष्ट वर्षांनी, ब्याऐंशी वर्षांचा होऊन, २० एप्रिलला मॉस्को कॉन्झर्व्हेटरीच्या मोठ्या सभागृहात परत वाजवायला बसला. न्यूयॉर्कहून स्वतःचा स्टाइनवे आणि स्वतःचा ट्यूनर घेऊन गेला होता. सर्वसामान्यांना तिकिटं फार थोडी मिळाली, बाकी सगळी अधिकारी आणि मुत्सद्द्यांच्या वाट्याला. विद्यार्थी पहारा मोडून आत घुसले आणि वरच्या मजल्यावर दाटीवाटीनं उभे राहिले. कार्यक्रम सगळा रशियन नव्हता, स्कार्लाती, मोझार्ट, लिस्ट, शोपॅन होते. पण मध्यंतराआधी रॅखमॅनिनॉव्हचे दोन प्रिल्यूड आणि स्क्रियाबिनचे दोन एत्यूद आले. त्यातला सी-शार्प मायनरचा एत्यूद स्क्रियाबिननं कोवळ्या वयात लिहिलेला. लहानपणी होरोविट्झला खुद्द स्क्रियाबिनसमोर वाजवायला नेलं होतं. तो धागा मनात ठेवून तो एत्यूद ऐका.

नोंदवही

धागा वाचताना एक गोष्ट सारखी मनात येतेय, आणि ती इथे मांडलीच पाहिजे असं मला वाटतं. आपण सगळ्याला सरसकट ‘रशियन’ म्हणतोय. रिख्तर झितोमिरला जन्मले, ओडेसात वाढले. होरोविट्झ कीवचे. संगीतकार प्रोकोफिएव्हचं जन्मगाव सोन्त्सोव्का आजच्या दोनेत्स्क भागातलं. हे सगळं आज युक्रेनमध्ये आहे. आणि ‘चित्रप्रदर्शना’चा शेवट आहे ‘कीवचं महाद्वार’.

हे द्वार कधी बांधलंच गेलं नाही हेही सांगायला हवं. ४ एप्रिल १८६६ ला झार दुसरा अलेक्झांडर याच्यावर गोळी झाडली गेली आणि तो बचावला. त्याच्या स्मरणार्थ कीवमध्ये द्वार उभारायचं ठरलं, स्पर्धा झाली, हार्टमाननं आराखडा दिला आणि पुढे सगळं बारगळलं. म्हणजे कीवमधलं द्वार, पण झारच्या गौरवासाठी. २०२२ नंतर मला तो शेवटचा घंटानाद ऐकताना जीव तुटतो. संगीत तेच आहे, पण त्या शहराचं नाव आता तसं ऐकू येत नाही.

रिख्तरच्या बाबतीत आणखी एक. त्यांचे वडील ओडेसात ऑर्गनवादक, वंशानं जर्मन. १९४१ मध्ये सोव्हिएत सत्तेनं त्यांना हेरगिरीच्या आरोपाखाली गोळ्या घातल्या. मुलगा त्याच देशाचा सर्वांत नावाजलेला पियानोवादक झाला आणि १९६० पर्यंत त्याला अमेरिकेत वाजवायला जाऊ दिलं नाही. सोफियाची मैफल त्याच्या आधीची. पश्चिमेकडे माणूस पोचण्याआधी आवाज पोचला, आणि त्यात या मुद्रणाचा वाटा फार मोठा.

रानजाई

नोंदवही, हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. तुमचा मुद्दा रास्त आहे. ‘रशियन’ ही त्या काळच्या साम्राज्याची आणि नंतर सोव्हिएत राजवटीची पाटी आहे, आणि तिच्याखाली ओडेसा, कीव, झितोमिर सगळं झाकलं गेलं. मैफलीच्या पत्रकांवर आता बरीच मंडळी संगीतकाराचं जन्मगावही छापतात, ते चांगलंच आहे. पण मुसोर्ग्स्की स्वतः मनानं कट्टर रशियन होता, आणि हे चित्रप्रदर्शन त्याच्या डोळ्यांनीच बघायचं आहे. कीवकडे तो पीटर्सबर्गहून बघतो. ते विसरायचं नाही, एवढं मी नक्की मानेन.

तिसरा_पूल, महाद्वारापाशी तुमचा रावेल सगळ्यात ताकदीचा, हे मी आधीच मान्य करते. खऱ्या घंटा, झांजा, अख्खा पितळी विभाग. पण रिख्तर तिथे काय करतात ते ऐका. बाबा यागाची झोपडी धावत धावत वर चढते आणि खंड न पडता महाद्वाराच्या पहिल्या कॉर्डवर येऊन धडकते. ही पहिली कॉर्ड ते सगळा जोर लावून वाजवत नाहीत. पुढे चढायला जागा ठेवतात. मध्ये दोनदा चर्चमधल्या प्रार्थनेसारखी शांत चाल येते, ती जवळजवळ निर्विकार. मग खर्जातली मोठी घंटा डाव्या हातात डोलायला लागते, वर छोट्या घंटा मिसळतात आणि त्या गलबल्यातून प्रोमेनाद पुन्हा वर येतो. शेवटच्या पानावर दहा बोटांचा माणूस शंभर जणांचं काम करायला निघालाय हे ऐकू येतं. पियानो अपुरा पडतो. तो अपुरा पडेपर्यंत रिख्तर जातात, आणि मला हवं असतं ते नेमकं हेच. कारण द्वार कागदावरच राहिलं होतं. वाद्यवृंद ते बांधून दाखवतो. पियानो ते बांधायचा जिवापाड प्रयत्न करतो.

तिसरा_पूल

काल ऐकलं. पूर्ण, न थांबवता, दिवे घालवून.

लिमोज ते भुयार, शरण आलो. रावेलमध्ये मला त्या जागी कधी दचकायला झालं नव्हतं. बिद्वोचंही मान्य. रिम्स्कीची गाडी यापुढे मला सजवलेली वाटणार.

पण ‘जुना किल्ला’ आणि ‘शामुएल गोल्डनबर्ग व श्मूयले’ (एक श्रीमंत ज्यू, एक गरीब) ही दोन चित्रं मी रावेलकडेच ठेवतो. श्मूयलेच्या जागी तो बारीक चिरका ट्रम्पेट, त्याला पियानोत तोड नाही. रिख्तर ती फडफड फारच स्वच्छ वाजवतात. गयावया करणारा माणूस इतका स्वच्छ बोलत नाही.

मांडवीकाठी

तिसरा_पूल, श्मूयलेबद्दल एक बारीक गोष्ट. या चित्राचे शेवटचे चार स्वर बघा. हस्तलिखितात सी, डी-फ्लॅट, बी-फ्लॅट, बी-फ्लॅट असे आहेत. श्रीमंत गोल्डनबर्ग दार आपटतो आणि विषय संपतो. छापील आवृत्तीत तिसरा स्वर बदलून सी झाला, त्यामुळे शेवट मऊ, उसासा टाकल्यासारखा होतो. एकाच स्वराचा फरक, पण कोण जिंकलं ते बदलतं. पुढच्या वेळी ऐकताना तुमचा वादक कोणता स्वर घेतो ते पकडा.

रिख्तरबद्दल आणखी थोडं. त्यांना रावेलचं रूपांतर मुळीच पसंत नव्हतं, आणि मूळ पियानोरचनेला ते रशियन पियानोसंगीतातली सर्वश्रेष्ठ कृती मानत. बावीस वर्षांचे होईपर्यंत त्यांचं रीतसर शिक्षण जवळपास झालंच नव्हतं. ऑपेराच्या तालमींना पियानो वाजवून हात तयार झाला आणि मग १९३७ मध्ये ते मॉस्कोला न्यूहाउसकडे शिकायला गेले. ऑपेरात वाढलेला माणूस म्हणूनच कदाचित त्यांना प्रत्येक चित्रात पात्रं दिसतात.

कृष्णाकाठ

मंडळी, या धाग्यानं म्हातारपणी नवीन नाद लावला. दुसऱ्यांदा ऐकलं तेव्हा खोकणं कमी जाणवलं. उलट असं वाटलं की इतकी माणसं त्या खोलीत श्वास घेताहेत आणि भुयारात येईपर्यंत तीही गप्प झालीत.

विषयाला सोडून आहे, पण आपल्या जवळचं आहे म्हणून लिहितो. आमचे एक स्नेही म्हैसूरचे. त्यांच्याकडून कळलं की महाराज जयचामराजेंद्र वडियार स्वतः पियानो शिकलेले होते आणि निकोलाय मेत्नेर या रशियन संगीतकारावर त्यांची फार भक्ती होती. मेत्नेर उतारवयात लंडनला राहत होता, प्रकृती खालावलेली, विचारणारं फारसं कोणी नाही. १९४० च्या दशकाच्या शेवटी महाराजांनी पैसा उभा केला आणि एचएमव्हीकडून त्याच्या स्वतःच्या हातच्या वादनाच्या तबकड्या काढवल्या. मेत्नेरनं आपला तिसरा पियानो कॉन्चेर्टो महाराजांना अर्पण केला. १९५१ मध्ये तो गेला. महाराजांनी ते केलं नसतं तर त्याच्या उतारवयातल्या वादनाचा एवढा मोठा ठेवा आज आपल्याकडे नसता.

माझा प्रश्न वेगळा आहे. हार्टमानची मूळ चित्रं आज बघायला मिळतात का? संगीत ऐकून झाल्यावर चित्र बघावं अशी फार इच्छा झाली.

नोंदवही

काका, मेत्नेरची माहिती अनमोल आहे. मला अजिबात माहीत नव्हतं.

चित्रांचं सांगतो. प्रदर्शनातली बहुतेक चित्रं हरवली. ठेंगूचं चित्र, जुना किल्ला, त्विलरीची बाग, बैलगाडी, लिमोजचा बाजार, काहीच उरलं नाही. ज्या चित्रांचा संबंध खात्रीनं जोडता येतो ती उरलीत: अंड्यातल्या पिल्लांच्या बॅले-पोशाखाचा आराखडा, श्रीमंत आणि गरीब ज्यूची दोन चित्रं, पॅरिसचं भुयार, कोंबडीच्या पायांवर उभी असलेली बाबा यागाची झोपडी (ते खरं तर घड्याळाचं डिझाइन आहे), आणि कीवचं महाद्वार. सगळी नेटवर शोधली की सापडतात.

भुयाराचं चित्र आधी बघा. त्यात कंदील धरलेला वाटाड्या आहे, एका बाजूला रचलेल्या कवट्या आहेत आणि दोन माणसं उभी आहेत. त्यातला एक खुद्द हार्टमान. मुसोर्ग्स्की प्रदर्शनात या चित्रासमोर उभा राहिला तेव्हा त्याचा गेलेला मित्र त्या भुयारात उभा होता.

हिमवर्षा_टोरांटो

नोंदवही, ते चित्र आत्ताच उघडून बसलेय.

काका, जमलंच तर मॉस्कोच्या त्रेत्याकॉव्ह गॅलरीतलं चित्रकार रेपिननं केलेलं मुसोर्ग्स्कीचं व्यक्तिचित्रही बघा. १८८१ च्या मार्चमध्ये, लष्करी रुग्णालयात, तो जायच्या अगदी थोडे दिवस आधी काढलेलं. विस्कटलेले केस, दारूनं लाल झालेलं नाक, अंगावर सैल झगा. डोळे मात्र कुठल्या तरी दूरच्या गोष्टीकडे लागलेले. मी त्यासमोर बराच वेळ उभी होते. वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी गेला, आणि हे चित्रप्रदर्शन छापलेलं त्यानं कधी पाहिलं नाही.

ढगाळ_दुपार

लेकीला ‘मुलांचा अल्बम’ आणून दिला. आज बाहुलीच्या आजारपणावर बसलीये. एक विचारायचं होतं. पियानोच्या मूळ रचनेत मी पाच प्रोमेनाद मोजले, पण वाद्यवृंदाचं ऐकलं त्यात चारच सापडले.

रानजाई

बरोबर मोजलेत. पाचवा गोल्डनबर्ग-श्मूयलेनंतर आणि लिमोजच्या आधी येतो, जवळजवळ पहिल्यासारखाच. रावेलनं तो गाळला. पियानोवर ऐकताना मला त्याची गरज वाटते. तिथे माणूस शेवटचा मोकळेपणानं चालतो. त्यानंतर बाजार, आणि मग थेट भुयार.

प्रोकोफिएव्हच्या सातव्या सोनाटावर लिहायला मला दोघांनी व्यक्तिगत निरोपातून सांगितलंय. १९४३ च्या जानेवारीत युद्ध चालू असताना मॉस्कोत रिख्तरनीच तो पहिल्यांदा वाजवला, चार दिवसांत बसवून. शेवटचा भाग सात मात्रांचा आहे. काका, तुम्ही तबला घेऊन बसा. नवा धागा रविवारी काढते.